सहाव्या वर्षाच्या अलीकडे

रत्नागिरी जिल्ह्यात, वाशिष्ठी नदी दाभोळच्या खाडीवाटे अरबी समुद्राला जिथे मिळते, तिथे दक्षिण तीरावर अंजनवेल हे गाव वसले आहे. आपल्या वाचकांपैकी अनेकांनी ते पाहिले नसेल. परंतु गुहागर तालुक्यातील या गावाचा इतिहास लिहू म्हटल्यास साधनांची वाण पडत नाही. खाडीच्या मुखावर पहारा देणारा गोपाळगड तिथे आहे. विजापूरकरांच्या अमदानीपासून तो नांदता होता. शिवकाळी तो मराठ्यांकडे आला, पुढे जंजिऱ्याच्या सिद्दीने घेतला, १७४५ साली तुळाजी आंग्रे यांनी तो सिद्दीकडून जिंकून त्यास ‘गोपाळगड’ हे नाव दिले आणि अखेर १८१८ मध्ये तो इंग्रजांच्या हाती गेला. अलीकडच्या काळात गावाचे नाव वृत्तपत्रांतून गाजले ते विजेमुळे. १९९३ च्या डिसेंबरात दाभोळ वीज प्रकल्पाचा करार झाला. २००१ मध्ये प्रकल्प बंद पडला. २००५ मध्ये नवी कंपनी स्थापून तो पुन्हा उभा करण्यात आला. तट, बुरूज, तह, करार, मेगावॉट या साऱ्यांच्या नोंदी कागदोपत्री आहेत.

एक पात्र मात्र या इतिहासात कुठेच भेटत नाही. गडाच्या पायथ्याच्या वस्तीत, अंगणात रांगणारे, माती चाखणारे, आईच्या पदराशी खेळणारे दोन-तीन वर्षांचे मूल कोणत्याही बखरीत नाही, गॅझेटियरमध्ये नाही आणि करारातही नाही. इतिहासकारांना यासाठी दोष देण्यात अर्थ नाही. सारा समाजच मुलाकडे ‘मोठे झाल्यावर काय होईल’ या दृष्टीने पाहत आला. मूल शाळेत गेले की त्याचा इतिहास सुरू होतो, त्यापूर्वीचे सारे नुसते वाढणे, अशी आपली समजूत. ही समजूत चुकीची होती, हे आज विज्ञान सांगते. परंतु विज्ञानाने सांगण्यापूर्वी ते ओळखणारी काही माणसे आपल्या महाराष्ट्रात होऊन गेली. वसईपासून फार दूर नसलेल्या एका किनाऱ्यावर त्यांनी काम केले. त्यांचा आणि त्यांच्या विचारांचा हा इतिहास आपल्या कुटुंबांनी जाणून घ्यावा, या हेतूने आम्ही हा लेख लिहीत आहोत.

वयाची वेस

अंजनवेल ज्या गुहागर तालुक्यात आहे, त्याच तालुक्यातील कोतळूक या गावी ९ मे १८६६ रोजी गोपाळ कृष्ण गोखले यांचा जन्म झाला. या देशातील प्रत्येक मुलास सक्तीचे प्राथमिक शिक्षण मिळावे, असा कायदा व्हावा म्हणून पहिला मोठा प्रयत्न करणारा पुरुष तो हाच. १६ मार्च १९११ रोजी गोखल्यांनी केंद्रीय कायदेमंडळात आपले विधेयक मांडले. सहा ते दहा या वयोगटातील मुलग्यांपासून सुरुवात करावी, मुलींचा समावेश पुढे व्हावा, अशी त्यांची माफक मागणी होती. १९१२ च्या मार्चमध्ये ३८ विरुद्ध १३ मतांनी ते विधेयक फेटाळले गेले. सरकारला पैसा खर्च करायचा नव्हता आणि काही संस्थानिकांना व जमीनदारांना शिकलेला शेतमजूर नको होता.

गोखले हरले, परंतु त्यांचा विचार हरला नाही. मात्र त्या विचाराबरोबर एक आकडाही पुढे चालत आला. तो आकडा म्हणजे सहा. शिक्षणाची जबाबदारी सहाव्या वर्षी सुरू होते, ही वेस तेव्हापासून आपल्या मनात पक्की झाली. १९५० साली अमलात आलेल्या राज्यघटनेच्या ४५ व्या अनुच्छेदाने चौदा वर्षे पुरी होईपर्यंत सर्व बालकांना मोफत व सक्तीचे शिक्षण देण्याचे ध्येय ठेवले. त्यात खालची वयोमर्यादा नव्हती, म्हणजे पाळण्यातले मूलही त्या शब्दांत सामावत होते. २००२ साली ८६ वी घटनादुरुस्ती झाली आणि सहा ते चौदा वर्षांच्या मुलांचे शिक्षण हा मूलभूत हक्क ठरला. सहाच्या आतील मुलांचे संगोपन व शिक्षण मात्र ‘राज्याने प्रयत्न करावा’ या वर्गात राहिले. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानेही तीच वेस कायम ठेवली. सहाच्या पुढे हक्क आणि सहाच्या मागे प्रयत्न, अशी ही विभागणी आहे.

या वेशीच्या अलीकडे मुलाच्या आयुष्यात काय घडते, हे न कळल्यामुळेच ती इतकी वर्षे टिकली.

रोमपासून भावनगरपर्यंत

६ जानेवारी १९०७ रोजी, म्हणजे आपल्या तीन राजांच्या सणाच्या दिवशी, रोम शहरातील सान लोरेन्झो या गरीब कामगार वस्तीत डॉ. मारिया मॉन्टेसरी यांनी आपले पहिले बालगृह उघडले. तीन पंडितांनी एका बालकापुढे गुडघे टेकले, त्या घटनेचे स्मरण ख्रिस्तसभा ज्या दिवशी करते, त्याच दिवशी एका कॅथलिक स्त्री-डॉक्टरने मजुरांच्या मुलांपुढे बसून त्यांच्याकडून शिकण्यास प्रारंभ केला. मुलाचे निरीक्षण करावे, त्याच्या हाताला काम द्यावे, त्याच्या गतीने त्याला वाढू द्यावे, शिक्षा आणि बक्षीस दोन्ही दूर ठेवावीत, ही तिची शिकवण. मूल हे रिकामे मडके नसून स्वतःला घडविणारा कारागीर आहे, हा त्यामागील विश्वास.

हा विचार भारतात रुजविणाऱ्यांत गिजुभाई बधेका यांचे नाव अग्रभागी येते. व्यवसायाने वकील असलेल्या या गुजराती गृहस्थाने वकिली सोडली आणि १९२० साली भावनगर येथे दक्षिणामूर्ती संस्थेचे बालमंदिर सुरू केले. मुलांवरील त्यांच्या मायेमुळे लोक त्यांना ‘मिशाळ आई’ म्हणत. १९२३ मध्ये त्यांच्या कार्यात एक मराठी विदुषी येऊन मिळाली. त्या ताराबाई मोडक.

ताराबाईंचा जन्म १९ एप्रिल १८९२ रोजी प्रार्थना समाजाच्या संस्कारांत वाढलेल्या घरात झाला. १९१४ मध्ये त्या मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर झाल्या. संसार मोडल्याचे दुःख पदरी घेऊन त्या राजकोटच्या स्त्री-अध्यापन विद्यालयात प्राचार्य झाल्या होत्या. मानाची व चांगल्या पगाराची ती जागा सोडून त्या भावनगरला आल्या. १९२६ साली गिजुभाई व ताराबाई यांच्या पुढाकाराने नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. मुंबईत दादर येथे १९३६ मध्ये ताराबाईंनी शिशुविहार उभा केला.

१९३९ च्या जूनमध्ये गिजुभाई वारले. त्याच वर्षाच्या उत्तरार्धात डॉ. मॉन्टेसरी मद्रासजवळील अड्यार येथे प्रशिक्षण देण्यासाठी भारतात आल्या. पुढच्या वर्षी इटली महायुद्धात उतरली आणि इटालियन नागरिक म्हणून त्यांच्यावर इंग्रज सरकारची बंधने आली. त्यांचे चिरंजीव मारिओ यांना तर अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) येथील छावणीत ठेवण्यात आले. ३१ ऑगस्ट १९४० रोजी, मातेच्या सत्तराव्या वाढदिवशी, सरकारने त्यांची सुटका केली. युद्धामुळे मॉन्टेसरीबाईंचा मुक्काम १९४६ पर्यंत लांबला. कोडाईकॅनाल येथे त्यांना तान्ह्या मुलांकडे निवांत पाहता आले. आईच्या कडेवर बसून बाजारापासून देवळापर्यंत सर्वत्र जाणारे भारतीय मूल पाहून तीन वर्षांखालील बालकाविषयीचा त्यांचा विचार अधिक खोल झाला. जन्मापासूनची पहिली वर्षे मूल भोवतालचे सारे, भाषा, चालीरीती, माया आणि भीतीसुद्धा, टिपकागदाप्रमाणे शोषून घेते, असे त्या सांगू लागल्या.

बोर्डीचे अंगण

इथवरचा इतिहास मुख्यतः शहरांचा व सुशिक्षितांचा आहे. दादरच्या शिशुविहारात येणारी मुले मध्यमवर्गीय घरांतली होती. मॉन्टेसरी पद्धतीची साधने महाग, लाकडी, कोरीव आणि बहुधा परदेशी बनावटीची. ज्या बाईंनी रोममधील मजुरांच्या मुलांसाठी काम आरंभिले, त्यांची पद्धत भारतात श्रीमंतांची मिरासदारी होऊ पाहत होती. हे ताराबाईंना सलत होते. गांधीजींच्या विचारांचा प्रभावही त्यांच्या मनावर होता. १९४५ च्या डिसेंबरात त्यांनी डहाणू तालुक्यातील बोर्डी या समुद्रकाठच्या गावी ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले. तेव्हाचा तो ठाणे जिल्हा. २०१४ पासून तो भाग पालघर जिल्ह्यात येतो, म्हणजे आपल्या वसईच्याच जिल्ह्यात.

तिथे त्यांना अनुताई वाघ येऊन मिळाल्या. अनुताईंचा जन्म १७ मार्च १९१० रोजी पुणे जिल्ह्यातील मोरगावचा. बालवयातच लग्न आणि लग्नानंतर लवकरच वैधव्य. त्या काळच्या समाजाने अशा मुलीचे आयुष्य संपले असे मानले असते. अनुताईंनी शिक्षण घेतले, पुण्याच्या हुजूरपागेत अध्यापन केले आणि पस्तिसाव्या वर्षी शहर सोडून बोर्डी गाठली.

बोर्डीत बालवाडी उघडली तेव्हा गावातील सुस्थितीतील घरांची मुले आली. दलित व आदिवासी वस्त्यांतील मुले आली नाहीत. आई-वडील मजुरीला जात. मोठी बहीण धाकट्याला सांभाळी. अंगावर कपडे नसत. आणि ‘त्या’ मुलांबरोबर बसण्याचा संकोच दोन्ही बाजूंना होता. अशा प्रसंगी आपण साधारणपणे काय म्हणतो? ‘त्यांना शिक्षणाची आवडच नाही.’ ताराबाईंनी व अनुताईंनी तसे म्हटले नाही. मूल बालवाडीत येत नसेल तर बालवाडीने मुलाकडे जावे, असा त्यांनी निर्णय घेतला. वस्तीतल्याच एखाद्या घराचे अंगण त्यांनी झाडून घेतले आणि तिथे मुले गोळा केली. या अंगणात भरणाऱ्या बालवाडीतून ‘अंगणवाडी’ हा शब्द जन्माला आला आणि आज तो देशभर प्रत्येक खेड्यात पोहोचला आहे.

त्या अंगणातील कामाचा क्रम पाहण्यासारखा होता. आधी मुलांना आंघोळ घालणे, नखे कापणे, केस विंचरणे. मग गाणी, गोष्टी, खेळ. महागड्या साधनांऐवजी शंख-शिंपले, चिंचोके, गुंजा, पाने, फुले, काड्या, वाळू. शिंपल्यांनी मोजावे, पानांच्या आकारांतून लहान-मोठे ओळखावे, बियांच्या रंगांवरून वर्गवारी करावी. समुद्रकाठच्या मुलाला त्याच्याच किनाऱ्याने शिकवावे. याच केंद्रातून ग्रामीण बालसेविकांना प्रशिक्षणही मिळू लागले.

१९५७ मध्ये हे कार्य जवळच्या कोसबाडच्या टेकडीवर वारली आदिवासींच्या मुलखात गेले. तिथे असे दिसले की मोठी मुले शाळेत येत नाहीत, कारण घरी धाकटे भावंड सांभाळायचे असते किंवा गुरे राखायची असतात. तेव्हा पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा एकाच आवारात आणून ‘विकासवाडी’ उभी राहिली, आणि गुराख्यांसाठी कुरणातच शाळा भरू लागली. बहिणीने बाळ पाळणाघरात ठेवावे आणि शेजारच्या वर्गात बसावे. एका सोयीने दोन मुलांचे भविष्य राखले गेले. ताराबाईंना १९६२ साली पद्मभूषण मिळाले. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी, डॉ. मॉन्टेसरींच्या जन्मतारखेलाच, त्यांचे निधन झाले. अनुताई त्यानंतरही कोसबाडलाच राहिल्या. १९८५ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. २७ सप्टेंबर १९९२ रोजी त्या गेल्या.

अंगणवाडी सरकारी होते

२ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना देशातील ३३ प्रकल्पांत सुरू केली आणि तिच्या केंद्रांना ‘अंगणवाडी’ हे नाव दिले. सहा सेवा ठरल्या. पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, गरजेनुसार दवाखान्याकडे पाठवणी, मातांना आहार व आरोग्याचे शिक्षण, आणि तीन ते सहा वर्षांच्या मुलांसाठी पूर्वप्राथमिक शिक्षण. १३ डिसेंबर २००६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने देशभर किमान १४ लाख अंगणवाड्या असाव्यात असा आदेश दिला. या योजनेने सहाव्या वर्षाची वेस प्रथमच सरकारी रीतीने ओलांडली.

परंतु नाव आले तसा आत्मा आला का, हा प्रश्न आहे. बोर्डीच्या अंगणात खाऊ होता, पण खाऊ म्हणजेच अंगणवाडी नव्हती. सरकारी योजनेत मात्र वजनाचे तक्ते, आहाराच्या नोंदी व सर्वेक्षणाची कामे यांच्या ओझ्याखाली गोष्ट, गाणे आणि शिंपले मागे पडले. तीन वर्षांखालील मूल तर केंद्रात बसतच नाही. ते घरी असते आणि त्याच्यापर्यंत बहुधा शिध्याचे पाकीटच पोहोचते. जी सेविका हे सारे वाहते, तिला पगार नव्हे तर मानधन मिळते. अंगणवाडी सेविकांना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे, हे २५ एप्रिल २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाला सांगावे लागले. महाराष्ट्रातील सेविकांना २०२३ च्या डिसेंबरात पुन्हा संपावर जावे लागले. ताराबाई ज्या कामाला जीवनव्रत मानीत, त्या कामाची समाजाने केलेली ही किंमत आहे.

विज्ञानाची साक्ष

बोर्डीच्या अंगणात जे अनुभवाने ओळखले गेले, त्याला पुढील काळात मेंदूच्या अभ्यासाने पुष्टी दिली. जन्मलेल्या बाळाचा मेंदू प्रौढ मेंदूच्या सुमारे चौथ्या भागाएवढा असतो. दोन वर्षांत तो तीन-चतुर्थांशाच्या आसपास आणि सहाव्या वर्षापर्यंत नव्वद टक्क्यांपर्यंत पोहोचतो. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही मेंदूचा ८५ टक्क्यांहून अधिक विकास सहा वर्षांच्या आत होतो, असे नमूद केले आहे. चेतापेशी बाळ बहुतांशी जन्मतःच घेऊन येते. त्या पेशींमधील जोडण्या मात्र जन्मानंतर झपाट्याने वाढतात, पहिल्या काही वर्षांत दर सेकंदाला दहा लाखांहून अधिक. मग निवड सुरू होते. ज्या जोडण्या वापरात येतात त्या बळकट होतात, ज्या येत नाहीत त्या गळून पडतात. वापर म्हणजे काय? बाळाने हुंकार द्यावा आणि आईने ‘ओ’ द्यावी; बाळाने बोट दाखवावे आणि आजीने ‘तो बघ काऊ’ म्हणावे; ही देवघेव म्हणजेच वापर. ती दिवसात शेकडो वेळा व्हावी लागते आणि तिला पैसा लागत नाही, माणूस लागतो.

अंजनवेलच्या किनाऱ्यावरील वीज प्रकल्पामुळे शक्तीची मोजदाद आपल्याला परिचित झाली आहे. मेंदूलाही शक्ती लागते. पाच वर्षांच्या आसपासच्या मुलाचे शरीर विश्रांतीच्या अवस्थेत जेवढी शक्ती खर्च करते, तिच्यातील सुमारे दोन-तृतीयांश एकटा मेंदू घेतो. म्हणून पोटाचा आणि बुद्धीचा प्रश्न या वयात वेगळा काढता येत नाही. आयोडीन कमी पडले तर बुद्धीची वाढ खुंटते. लोह कमी पडले तर मूल मलूल होते, त्याचे लक्ष लागत नाही.

याविषयी महाराष्ट्रातच झालेले संशोधन जगभर वाचले जाते. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील माता व त्यांची मुले यांचा पिढीभर अभ्यास चालविला. गरोदरपणी ज्या मातांच्या रक्तात ‘ब-१२’ हे जीवनसत्त्व फार कमी होते, त्यांची मुले नऊ वर्षांची झाल्यावर लक्ष टिकविण्याच्या व तात्पुरत्या स्मरणाच्या चाचण्यांत मागे पडलेली दिसली. हे जीवनसत्त्व दूध, अंडी, मासे, मांस यांतून मिळते. खाडीकाठच्या खारवी, भोई, दालदी वस्त्यांना समुद्राने ते ताटात वाढून ठेवले आहे. परंतु चांगली मासळी बाजारात विकायची आणि गरोदर सुनेने सर्वांच्या मागून उरलेसुरले जेवायचे, अशी रीत जिथे आहे, तिथे समुद्र जवळ असून उपयोग नाही. आई जेवली की नाही, हा बाळाच्या बुद्धीचा प्रश्न आहे.

गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी गावातल्याच स्त्रियांना प्रशिक्षण देऊन घरोघरी नवजात बाळांची काळजी घेण्याची व्यवस्था उभी केली. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासानुसार नवजात बालमृत्यू ६२ टक्क्यांनी घटले. जन्मवेळी गुदमरणे, थंडी व जंतुसंसर्ग यांतून जी बाळे वाचतात, त्यांचे मेंदूही वाचतात, हे इथे ध्यानात घ्यावे. २००५ मध्ये महाराष्ट्र शासनाने राजमाता जिजाऊ माता-बाल आरोग्य व पोषण अभियान सुरू केले आणि गर्भधारणेपासून दुसऱ्या वाढदिवसापर्यंतच्या एक हजार दिवसांवर भर दिला. दोन वर्षांखालील खुंटलेल्या बालकांचे प्रमाण २००५-०६ मधील ३९ टक्क्यांवरून २०१२ च्या पाहणीत २३ टक्क्यांवर आले. मन लावून काम केले तर काय होते, याचा हा दाखला. परंतु पाच वर्षांखालील सर्व मुलांचा विचार करता २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील ३५.२ टक्के मुलांची उंची वयाच्या मानाने कमीच आढळली. दर तीन मुलांत एक. एवढ्या मोठ्या संख्येचे दुःख आपल्याला दिसत नाही, कारण ती मुले रडत नाहीत. ती फक्त मागे राहतात.

आजी आणि अंगण

कोकणच्या संसाराची एक खूण जनगणनेत उमटली आहे. २००१ मध्ये रत्नागिरी जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे ११३६ स्त्रिया होत्या, २०११ मध्ये ११२२. कर्ता पुरुष मुंबईला, घर मनीऑर्डरीवर, अशी पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. बाप गणपती-शिमग्याला घरी येणारा पाहुणा. तरीही ती मुले वाढली, कारण घरात आजी होती, मागच्या परसात काकी होती आणि पुढे अंगण होते. तेल लावून न्हाऊ घालणे, पायांवर आडवे घेऊन झोपविणे, पाळण्याची गाणी, आपडी-थापडी, चिऊ-काऊचा घास, रात्रीची गोष्ट, हे सारे त्या घरांत विनासायास चाले. वसईच्या वाडीतही हेच होते. या रूढींना आपण अडाणी समजत आलो. त्यांतील काही सोडून देण्यासारख्या आहेतच. बाळाला पहिले चीक-दूध न पाजणे, जन्मताच मध चाटविणे यांनी अपाय होतो. परंतु अंगाला स्पर्श, डोळ्याला डोळा, शब्दाला शब्द ही जी मूळ देणगी त्यांत होती, तिला आजचे शास्त्र पहिले स्थान देते.

आज रत्नागिरीचा तो तरुण बायको-मुलांसह नालासोपारा-विरारच्या दोन खोल्यांत राहतो. वसईच्या वाडीच्या जागी इमारत उभी राहिली आहे. आजी गावी किंवा वेगळ्या सदनिकेत, आई-वडील दोघेही लोकलच्या गर्दीत आणि बाळाच्या हातात मोबाइल. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगितले की दोन वर्षांखालील मुलाला पडद्यापुढे बसवू नये आणि दोन ते चार वर्षांच्या मुलाला दिवसाकाठी एका तासाहून अधिक नको. मोबाइलमध्ये विष असते म्हणून हे सांगितलेले नाही. पडदा बोलतो, पण बाळाच्या हुंकाराला ओ देत नाही, हे त्याचे उणेपण आहे. थकून आलेल्या आईला आम्ही दोष देणार नाही. प्रश्न असा आहे की तिच्या मदतीला कोण आहे?

आपले घर, आपली शाळा

आता थोडे आपल्याविषयी. कॅथलिक समाजाने या प्रदेशात शाळा उभारल्या आणि त्यांचा आपल्याला रास्त अभिमान आहे. परंतु तीन वर्षांच्या मुलाला शाळेच्या दाराशी प्रश्न विचारणे, चौथ्या वर्षी वहीभर अक्षरे गिरवून घेणे, गृहपाठ देणे, हे प्रकार अनेक ठिकाणी चालत आले, आणि त्यांत आपल्या समाजाच्या शाळा अपवाद राहिल्या असे म्हणता येणार नाही. प्रवेशासाठी मुलाची चाळणी लावण्यास २००९ च्या कायद्याने मनाई आहे. परंतु कायद्यापेक्षा मोठी गोष्ट ही की, ज्या कॅथलिक स्त्रीने ‘मुलाच्या गतीने चाला’ असे जगाला शिकविले, तिच्या नावाची पाटी लावून आपण मुलाला घाई करतो. बोटांचे स्नायू तयार नसताना पेन्सिल हाती दिल्याने अक्षर येत नाही. कंटाळा मात्र लवकर येतो.

दुसरी गोष्ट भाषेची. घरात सामवेदी किंवा वाडवळी बोलणारे आई-वडील मुलाशी मात्र अडखळत्या इंग्रजीत बोलतात, कारण शाळा इंग्रजी. त्यांची तळमळ आम्ही जाणतो. परंतु अपुऱ्या भाषेत संवाद अपुराच होतो. ‘हे काय?’, ‘ते काय?’ एवढ्यावर बोलणे थांबते. गोष्ट रंगत नाही, विनोद होत नाही, राग-लोभाला शब्द मिळत नाहीत. घरच्या भाषेत भरपूर बोललेले मूल पुढे दुसरी भाषाही चांगली शिकते. युनेस्कोने १९५३ मध्येच मातृभाषेची बाजू घेतली होती, २०२० च्या धोरणानेही घेतली. आपल्या परंपरेत तर याहून जुना दाखला आहे. इंग्लंडहून आलेल्या फादर थॉमस स्टीफन्स यांनी आपले ‘ख्रिस्तपुराण’ मराठीत रचले, ते १६१६ साली छापले गेले. त्यांचे प्रश्नोत्तररूप धर्मशिक्षणाचे पुस्तक कोकणीत १६२२ साली रायतूरला छापले गेले. परदेशी धर्मगुरूला जे उमगले ते आपल्या घरात आपणच विसरावे काय?

द्वितीय व्हॅटिकन परिषदेने १९६५ च्या शिक्षणविषयक घोषणापत्रात पालक हेच मुलांचे पहिले व प्रमुख शिक्षक आहेत, असे प्रतिपादिले. हे वचन आपण धर्मशिक्षणापुरते घेतो. ते पाळण्यापासून लागू करावयास हवे. बाप्तिस्म्याच्या दिवशी धर्ममाता-धर्मपिता सोन्याची साखळी आणतात. त्यांनी वर्षभर आठवड्यातून एक संध्याकाळ त्या बाळाला दिली, तर ती साखळीहून अधिक काळ टिकेल. धर्मग्रामाचे सभागृह आठवड्यातील अनेक दिवस बंद असते. तिथे सकाळी दोन तास लहानग्यांना घेऊन आया, आज्या, आजोबा जमले, शिंपले-चिंचोके-डबे मांडून मुलांना खेळू दिले, एखाद्या आजीने आपल्या बोलीत गोष्ट सांगितली, तर वेगळी इमारत लागत नाही आणि देणगीही लागत नाही. गावातील अंगणवाडी सेविकेला त्या वेळी सन्मानाने बोलवावे. वाढीचा तक्ता कसा वाचावा, हे तिच्याकडून शिकावे. आपल्यातील सुस्थितीतील कुटुंबे अंगणवाडीकडे ‘गरिबांची’ म्हणून पाठ फिरवितात. जिथे सुस्थितीतील मूल जात नाही, तिथली गळती कौले कोणी दुरुस्त करीत नाही, हा अनुभव सर्वत्र आहे.

गोखल्यांचे विधेयक पडले, त्यानंतर प्राथमिक शिक्षणाचा हक्क घटनेत यायला नव्वद वर्षे लागली. सहाव्या वर्षाच्या अलीकडील मुलाचा हक्क अजूनही तसा आलेला नाही. तो यावा यासाठी समाजाने मागणी केली पाहिजे. परंतु मूल तोवर थांबत नाही. बोर्डीत त्या दोघी स्त्रियांनी कायद्याची वाट पाहिली नाही. त्यांनी एक अंगण झाडून घेतले. अंजनवेलीत असो, वसईत असो की विरारच्या चौथ्या मजल्यावर असो, आज जन्मलेल्या बाळाचे पहिले एक हजार दिवस मोजले जाऊ लागले आहेत, आणि त्यांतला आजचा दिवस आपल्या हाती आहे.